३६०० ची रॅम २१३३ वरच चालते आहे : नेमके अडते कुठे?

नवशिका

नमस्कार. गेल्या आठवड्यात मी संगणकातली जुनी रॅम काढून प्रत्येकी १६ जीबीच्या दोन स्टिकचा नवा जोडसंच बसवला. खोक्यावर आणि स्टिकच्या लेबलवर डीडीआर४-३६००, सीएल १८, १.३५ व्होल्ट असे स्पष्ट छापलेले आहे, पण टास्क मॅनेजरमध्ये वेग २१३३ दिसतो. प्रोसेसर रायझेन ५ ५६०० आहे आणि मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आहे. मदरबोर्ड मी वापरलेला घेतला होता, तो आजवर विनातक्रार चालला आहे. संगणक बंद पडत नाही, निळा पडदा येत नाही, ३२ जीबी पूर्ण ओळखली जाते. फक्त वेग तेवढा मिळत नाही. स्टिक सदोष आहेत असे समजून परत कराव्यात, की माझेच काही चुकते आहे?

झटपट

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. धागा संपला.

खटपट्या

झटपट यांचे उत्तर बहुधा बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे सांगितले पाहिजे, कारण नेमक्या याच गैरसमजातून चांगल्या स्टिक परत जातात.

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक चिमुकली चिप असते आणि स्टिक कोणकोणत्या वेगाने व कोणत्या टायमिंगने चालू शकते याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ती नोंद वाचतो आणि काही सांगितलेले नसेल तर जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यातला वेग निवडतो. तो वेग कोणत्याही बोर्डावर, १.२ व्होल्टवर, बिनधोक चालेल असा असतो. डीडीआर४ च्या तक्त्यात २१३३, २४००, २६६६, २९३३ आणि ३२०० असे टप्पे आहेत. ३६०० त्यात नाहीच. खोक्यावरचा ३६०० हा उत्पादकाने त्या स्टिक तपासून दिलेला वाढीव वेग असतो, त्याला १.३५ व्होल्ट लागतात आणि त्याची नोंद एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये असते. ही पद्धत इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात आणली. एएमडीच्या बोर्डांवर त्याच पर्यायाला कोणी डीओसीपी म्हणते, कोणी ए-एक्सएमपी म्हणते. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो ही स्वतःची प्रोफाइल आणली.

म्हणजे तुमच्या स्टिक आत्ता जे करत आहेत ते नियमाला धरूनच आहे. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ती प्रोफाइल चालू करा, जतन करून बाहेर पडा आणि काय होते ते इथे लिहा.

नवशिका

लगेच करून पाहिले. बायोसमध्ये तो पर्याय पहिल्याच पानावर होता आणि प्रोफाइलमध्ये ३६०० व १८-२२-२२-४२ असे आकडे दिसत होते. जतन करून बाहेर पडल्यावर पडदा काळा झाला, पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी संगणक सुरू झाला, पण आदल्या सेटिंगने सुरू होता आले नाही असा संदेश देऊन पुन्हा २१३३ वर. दुसऱ्यांदा केले तरी हेच. आता मला स्टिकचाच संशय येतो आहे.

झटपट

मी माझे ‘धागा संपला’ हे शब्द सध्यापुरते मागे घेतो.

शंकासुर

मूळ प्रश्नाला थोडा फाटा फुटेल, पण विचारतो. माझ्याकडे टास्क मॅनेजर ३२०० दाखवतो आणि सीपीयू-झेड हा संगणकाचा तपशील सांगणारा प्रोग्राम १५९६ दाखवतो. यातले खोटे कोण बोलते आहे? सीपीयू-झेड खरे असेल तर मी अर्ध्या वेगाच्या रॅमवर इतकी वर्षे समाधानी होतो, असे म्हणावे लागेल.

अक्षरगणित

दोघेही खरे बोलत आहेत, शंकासुर. डीडीआर म्हणजे दुप्पट दराने माहिती देणारी मेमरी. घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात ती दोनदा माहिती पाठवते, एकदा चढत्या कडेवर आणि एकदा उतरत्या. सीपीयू-झेड घड्याळाची वारंवारता सांगते, म्हणजे सुमारे १६०० मेगाहर्ट्झ, आणि खोक्यावर छापलेला आकडा सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरांचा असतो, म्हणजे ३२०० मेगाट्रान्सफर. खोक्यांवर वर्षानुवर्षे मेगाहर्ट्झ छापले गेले म्हणून हा घोळ झाला. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजरने मेगाहर्ट्झ हा शब्द काढून मेगाट्रान्सफर लिहायला सुरुवात केली आहे, हे उशिरा सुचलेले का होईना, शहाणपण आहे.

कुंपणावरचा

मला एक मूलभूत शंका आहे. २१३३ आणि ३६०० यांतला फरक डोळ्यांना तरी दिसतो का? पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे यांत मला तो कधीही जाणवलेला नाही. तीन संध्याकाळी बायोसमध्ये घालवण्यापेक्षा २१३३ वर सुखाने राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षरगणित

पत्रे लिहिणाऱ्याला फरक दिसणार नाही, हे मान्य. पण आकडे पाहा. एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या एका मार्गावर, प्रत्येक हस्तांतरात ८ बाइट जातात. २१३३ ला दोन चॅनल मिळून सेकंदाला सुमारे ३४ जीबी वाहून नेता येतात आणि ३६०० ला ५७.६ जीबी. पहिला शब्द हाती येण्याचा विलंब २१३३ सीएल १५ ला सुमारे १४ नॅनोसेकंद असतो, ३६०० सीएल १८ ला तो १० नॅनोसेकंदांवर येतो. (सीएल म्हणजे तो शब्द येईपर्यंतची घड्याळाची आवर्तने: १८ आवर्तने भागिले १८०० मेगाहर्ट्झ. सीएलचा आकडा मोठा दिसला म्हणजे मेमरी हळू झाली, असे मानणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.)

शिवाय रायझेनमध्ये प्रोसेसरच्या अंतर्गत भागांना जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचे घड्याळ मेमरीच्या घड्याळाशी बांधलेले असते. ३६०० ला ते १८०० वर एकास एक चालते, २१३३ ला ते १०६६ च्या आसपास रेंगाळते. त्यामुळे त्या प्रोसेसरवर मंद मेमरीचा दंड दुप्पट बसतो. खेळांत, मोठे प्रकल्प कंपाइल करताना आणि विशेषतः अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रांत हा फरक मोजण्याइतका असतो.

कुंपणावरचा

भागाकार केला आणि पटला. माझा संगणक मात्र पत्रेच लिहितो.

सोल्डरगन

नवशिका, स्टिक परत करण्याआधी एक गोष्ट सांगा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजताना तुमच्या स्टिक कितव्या स्लॉटांत आहेत?

नवशिका

चारच आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटात बसवल्या आहेत. पहिल्यापासून सुरुवात करावी आणि एक सोडून एक लावावे, असे मला वाटले. दोन चॅनल तर ओळखले जात आहेत.

सोल्डरगन

चॅनल ओळखले जाणारच, कारण पहिले दोन स्लॉट ए चॅनलचे आणि पुढचे दोन बी चॅनलचे असतात. पण तुम्ही ए१ आणि बी१ वापरले आहेत. बहुतेक सर्वच चार स्लॉटच्या बोर्डांच्या पुस्तिकेत दोन स्टिकसाठी ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा स्लॉट सांगितलेला असतो.

त्याचे कारण तांब्याच्या रेषांत आहे. असल्या बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली रेष आधी ए१ ला स्पर्श करते आणि तशीच पुढे ए२ पर्यंत जाऊन संपते. स्टिक ए२ मध्ये असली की रेषेच्या टोकाला ती असते आणि सिग्नल तिथे शोषला जातो. स्टिक ए१ मध्ये ठेवली तर तिच्या पुढचा ए२ पर्यंतचा तुकडा रिकामा लोंबकळत राहतो. सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळतो. ३६०० ला एका बिटच्या वाट्याला सुमारे २७८ पिकोसेकंद येतात आणि तेवढ्या वेळात बोर्डावरच्या रेषेतून सिग्नल जेमतेम चार सेंटिमीटर पुढे सरकतो. अशा हिशेबात एखाद-दोन सेंटिमीटरचे मोकळे शेपूट पुष्कळ झाले. २१३३ ला वेळ ऐसपैस असल्यामुळे तो प्रतिध्वनी खपून जातो.

संगणक बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात स्टिक बसवा आणि दोन्ही बाजूंनी दाबून कट् असा आवाज येऊ द्या. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिल्याचे लक्षात येत नाही.

नवशिका

सोल्डरगन, तुम्हांला साष्टांग नमस्कार. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात हलवल्यावर एक्सएमपी पहिल्याच फटक्यात लागले. टास्क मॅनेजरमध्ये ३६००, सीपीयू-झेडमध्ये १७९६.

झटपट

धागा संपला.

जुनी_खोड

आनंद साजरा करण्याआधी एक रात्र चाचणीसाठी राखून ठेवा, अशी विनंती आहे. विंडोज सुरू झाली एवढ्यावरून मेमरी स्थिर आहे असे ठरत नाही.

हे मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका संगणकावर वेगवेगळ्या दोन जोडसंचांच्या चार स्टिक एकत्र करून ३२०० वर चालवत होतो. दीड महिना काहीही बिघडले नाही. मग एके दिवशी छायाचित्रांची झिप केलेली एक मोठी फाइल उघडताना फाइल अखंड आहे का हे दाखवणारी तपासणी-बेरीज जुळत नसल्याचा संदेश आला. मी डिस्कला दोष दिला. डिस्क बदलली, फाइल पुन्हा तयार केली, पुन्हा तोच संदेश. तीच मूळ छायाचित्रे तीनदा झिप केली आणि तिन्ही वेळा बेरीज वेगवेगळी आली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसा प्रकार होता. मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावल्यावर तिसऱ्या फेरीत एक, फक्त एक, चूक सापडली. त्या दीड महिन्यात मी जे जे डिस्कवर लिहिले होते ते सगळे संशयित ठरले आणि जुन्या प्रतींशी पडताळण्यात पुढचे पंधरा दिवस गेले.

म्हणून पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घ्या आणि रात्रभर चालू ठेवा. एकही चूक चालत नाही. ‘एकच तर आहे’ असे म्हणायची सोय इथे नाही.

नवशिका

रात्रभर लावून ठेवले होते. चार फेऱ्या पूर्ण झाल्या, चुका शून्य.

चौकडी

धागा निवळला आहे असे समजून माझेही गाऱ्हाणे मांडते. माझ्याकडे रायझेन ७००० मालिकेचा प्रोसेसर आहे. डीडीआर५-६००० च्या दोन स्टिक एक्स्पोवर उत्तम चालत होत्या. पुढे अगदी तसाच दुसरा जोडसंच आणून चारही स्लॉट भरले आणि संगणक ३६०० वर येऊन बसला. डीडीआर४ सोडून डीडीआर५ कडे आले आणि वेग तोच!

खटपट्या

चौकडीताई, यात बिघाड काही नाही. एएमडीच्या अधिकृत तपशिलातच ७००० मालिकेसाठी दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा वेग दिलेला आहे. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो आणि एकेका चॅनलवर दोन-दोन स्टिकचा भार ओढताना त्याची दमछाक होते. खोक्यावरचा आकडा त्या खोक्यातल्या स्टिकपुरता तपासलेला असतो. दोन खोकी एकत्र आली की ती तपासणी लागू राहत नाही, मग लेबल अक्षरशः सारखे का असेना. वरून सारख्या दिसणाऱ्या स्टिकमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

तुम्ही हाताने ४८००, मग ५२०० असे एकेक पायरी चढून पाहू शकता. पण जास्त मेमरी हवी असेल तर मोठ्या दोन स्टिक घेणे हाच सरळ मार्ग आहे. एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारे व्होल्टेज, वाढवून चार स्टिक रेटण्याचा सल्ला कोणी दिला तर जपून राहा. काही प्रोसेसर जळाल्यानंतर २०२३ मध्ये त्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घालणारे बायोस आले, ते उगाच नाही.

चौकडी

एक उपप्रश्न विचारते. चार स्टिक लावल्यावर पहिल्यांदा कितीतरी वेळ पडदा काळाच होता. मी घाबरून दोनदा बटण दाबून बंद केला.

खटपट्या

तो बिघडलेला नव्हता, शिकत होता. प्रत्येक रेषेवर सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे बोर्ड पहिल्या वेळी चाचपून ठरवतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये, त्यातही चार मोठ्या स्टिक असताना, याला काही मिनिटे लागू शकतात. मध्येच वीज तोडली की धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पंधरा मिनिटे तरी हात मागे बांधून बसावे.

तळटीप

इंटेलवाल्यांसाठी एक भर घालतो, कारण तिथे स्लॉट बरोबर असूनही गाडी अडते. दहाव्या पिढीत बी४६० आणि एच४१० चिपसेटच्या बोर्डांवर मेमरी प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे जातच नाही: आय५ असेल तर २६६६, आय७ असेल तर २९३३. तिथे ३२०० च्या स्टिक लावून मी दोन दिवस बायोस उलटेपालटे केले होते आणि शेवटी प्रोसेसरच्या तपशिलाचे पान वाचले, जे मी आधी वाचायला हवे होते. पुढच्या पिढीत बी५६० ला ही मुभा मिळाली, एच५१० ला मिळाली नाही. म्हणून कोणाला सल्ला देण्याआधी प्रोसेसर आणि चिपसेट विचारून घ्यावा. नाहीतर आपण साप म्हणून भुई धोपटत बसतो.

नवशिका

मंडळी, मी परत आलो आहे आणि माझा वेगही परत आला आहे, म्हणजे २१३३ वर. पाच दिवस ३६०० व्यवस्थित चालले. आज सकाळी सहज पाहिले तर पुन्हा २१३३. बायोसमध्ये एक्सएमपी बंद झालेले होते. मी ते बंद केलेले नाही आणि या संगणकाला दुसरे कोणी हात लावत नाही. चालू केले तर तत्काळ ३६०० लागले. हा काय चमत्कार आहे?

झटपट

आता मात्र स्टिक परत करा. उगाच कशाला जिवाला घोर?

जुनी_खोड

माझाही कल तिकडेच झुकतो आहे. सकाळी यंत्र थंड असताना ट्रेनिंग अपयशी होत असावे आणि मग बोर्ड सुरक्षित वेगावर येत असावा. मी अशा वेळी ३६०० चे ३४६६ करून पाहीन, किंवा मेमरीचे व्होल्टेज १.३५ चे १.३६ करीन.

खटपट्या

थांबा. ट्रेनिंग अपयशी झाले असते तर पहिल्या दिवशीसारखे पंखे तीनदा फिरून थांबले असते आणि संदेशही आला असता. नवशिका यांनी तसे काही लिहिलेले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळायचा, तर व्होल्टेजला हात लावण्याआधी नेमके कधी आणि कशानंतर असे होते ते कळले पाहिजे. नवशिका, पुढचा आठवडाभर कागदावर नोंद ठेवाल का? सुरू करण्याची वेळ, त्याआधी संगणक कसा बंद केला होता आणि सुरू होताना काय दिसले, एवढे पुरे.

नवशिका

आठवडाभराची नोंद लिहितो. सात सकाळींपैकी दोनदा २१३३ झाले, मंगळवारी आणि शनिवारी. दोन्ही वेळा पंखे एकदाच फिरले, पडदा नेहमीसारखा आला, संदेश काहीच नव्हता. दिवसभरात कितीही वेळा रीस्टार्ट केले तरी वेग ढळत नाही. सोमवारी व शुक्रवारी रात्री पावसाळी वीज कडाडत होती म्हणून भिंतीवरचे बटणही बंद केले होते. इतर रात्री फक्त संगणक बंद केला.

एक किरकोळ गोष्ट, जिचा इथे संबंध नसावा: त्याच दोन सकाळी ब्राउझर पहिल्या मिनिटात प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार करत होता आणि मग आपोआप शांत झाला. ते इंटरनेट सेवेचे असावे.

सोल्डरगन

ती किरकोळ गोष्ट नाही, तेच उत्तर आहे. स्टिक निर्दोष आहेत. बोर्डावरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल संपला आहे.

असे पाहा. प्रमाणपत्र वैध आहे की नाही हे ब्राउझर संगणकाच्या तारखेवरून ठरवतो. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेले नसते. विंडोज इंटरनेटवरून वेळ मिळवते, तारीख सुधारते आणि तक्रार थांबते. म्हणजे त्या दोन सकाळी बोर्डाचे घड्याळ शून्यावर आलेले होते.

भिंतीवरचे बटण चालू असते तोवर संगणक बंद असला तरी पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टची राखीव वीज देत राहतो, आणि घड्याळ तिच्यावर चालते. सेलची गरज बटण बंद झाल्यावरच पडते. म्हणूनच सेल मेला तरी रोज त्रास होत नाही. घड्याळाची वीज तुटली होती असे सुरू होताना दिसले की बहुतेक बोर्ड बायोसच्या मूळ सेटिंगवर जातात, आणि मूळ सेटिंगमध्ये एक्सएमपी बंद असते. एरवी अशा वेळी एफ१ दाबा असा संदेश येतो. काही बोर्ड मात्र मूळ सेटिंगमध्येही न थांबता पुढे जातात, तुमचा तसाच असावा.

सेल बाहेर काढून मल्टिमीटरने मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो.

शंकासुर

म्हणजे मागच्या वेळी स्लॉट बदलताना तुम्हीच भिंतीवरचे बटण बंद करायला सांगितले होते, तेव्हाही सेटिंग पुसले गेले असणार!

सोल्डरगन

गेले असणार, पण त्यानंतर लगेच त्यांनी एक्सएमपी हाताने लावले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही.

नवशिका

मल्टिमीटर मित्राकडून आणला. २.४१ व्होल्ट. सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली असल्यामुळे कार्ड काढावे लागले, आणि त्या निमित्ताने कार्डाच्या पोटाखाली साचलेली धूळ पाहून मला स्वतःची लाज वाटली. नवा सेल ३.२ दाखवत होता. तो बसवला, तारीख-वेळ लावली, एक्सएमपी चालू केले. मग मुद्दाम भिंतीवरचे बटण बंद करून रात्रभर ठेवले. सकाळी ३६००.

जुनी_खोड यांच्या सांगण्यावरून मेमटेस्ट८६+ आणखी एक रात्र लावणार आहे, कारण कार्ड काढताना स्टिकना माझा धक्का लागला होता.

जुनी_खोड

व्होल्टेज वाढवण्याचा माझा सल्ला मी परत घेतो. ३४६६ केले असते तरी दोन सकाळी ते २१३३ च झाले असते आणि मी पुढे ३२०० सांगितले असते.

झटपट

आणि मी स्टिक परत करायला लावल्या असत्या. नव्या स्टिकही त्याच सेलखाली नांदल्या असत्या.

शंकासुर

लॅपटॉपमध्ये एक्सएमपी सापडत नाही, तिथे काय करावे?

खटपट्या

बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो पर्यायच नसतो. म्हणून लॅपटॉपसाठी जेडेक तक्त्यातल्या वेगाचीच स्टिक घ्यावी, म्हणजे डीडीआर४ असेल तर १.२ व्होल्टवर ३२०० चालणारी. ती आपोआप ३२०० वर चालते, अर्थात प्रोसेसर तेवढे मान्य करत असेल तर. एक स्टिक किंवा बोर्डावर डाग दिलेली मेमरी २६६६ ची असेल तर दुसरी ३२०० चीही तिच्या पावलाने चालते.

नवशिका

तीन आठवडे झाले. अधूनमधून भिंतीवरचे बटण बंद करतो, मुद्दाम. वेग ३६००, मेमटेस्टमध्ये चुका शून्य, ब्राउझर गप्प. अक्षरगणित यांना विचारतो, ३८०० करून पाहण्यात अर्थ आहे का?

अक्षरगणित

फॅब्रिक १९०० वर चढले तर थोडासा आहे. सगळेच ५६०० तेवढे चढत नाहीत, आणि न चढल्यास एकास एक हे प्रमाण मोडून विलंब उलट वाढतो. मी तुमच्या जागी असतो तर ३६०० वर थांबलो असतो.

नवशिका

थांबलो.

मध्यरात्र

मी इथे फक्त वाचक असते, पण धागा वाचून कुतूहलाने माझा टास्क मॅनेजर उघडला. माझ्या स्टिकवर ३२०० लिहिलेले आहे आणि तिथे २४०० दिसतो आहे. संगणक घेऊन तीन वर्षे झाली.

खटपट्या

मध्यरात्र, प्रोसेसर आणि चिपसेट सांगा. आणि झाकण उघडून पाहा, स्टिक कितव्या स्लॉटांत आहेत?